उजवी बाजू माझी

४ फेब्रुवारी

ढब्या,

आशीर्वाद नेहमीचे धरून चाल. आज ते मनापासून द्यायच्या मनःस्थितीत मी नाही.

बोट पोचली. खोकं धड होतं, कापूस भरपूर होता, एकही दोर तुटलेला नाही. बांधणी उत्तम. आता मला एवढंच सांग, ही बोट कोणी केली?

नियम पुन्हा लिहिते, कारण तू ते विसरलेला दिसतोस. दर वर्षी प्लास्टिकच्या बोटीचं एक किट. बोट वीतभर, भाग शंभराच्या वर. उजवी बाजू माझी, डावी तुझी. तू डावखुरा म्हणून डावी हट्टाने मागून घेतली होतीस. मी माझी बाजू घासून, जोडून, रंगवून टपालाने पाठवायची. तू दोन्ही बाजू एकत्र सांधायच्या. विषम आकड्याची बोट माझ्या कपाटावर, सम आकड्याची तुझ्या. कोणती बाजू कोणाची हे क्लबातल्या भल्याभल्यांना ओळखता येत नाही, हीच काय ती आपली मिजास. तू नोकरीसाठी तिकडे गेलास तेव्हापासून, एकोणीस वर्षं. आपल्या घरात इतकी वर्षं न मोडता टिकलेली ही एकच गोष्ट आहे, माझं लग्न धरूनसुद्धा.

आता या मासेमारीच्या बोटीचं बघ. डिसेंबरात माझी बाजू पाठवली तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत मी कबूल केलं होतं, की नाकाजवळ ओल्या गोंदावर माझा अंगठा टेकला आणि ठसा उमटला. आपला गोंद प्लास्टिक विरघळवतो, म्हणजे तो ठसा नुसता वर बसत नाही, आत उतरतो. तू उत्तर दिलंस, "किरकोळ होता गं ताई, घासून टाकला. बाकी काम नेहमीसारखं झकास." हेच शब्द. झकास.

घासून टाकला, तर तिथे खळगा उरायला हवा. खळगा नाही.

कसं कळलं म्हणतोस? जिभेनं कळलं. हसू नकोस. चौतीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये कवळ्या केल्या आहेत मी. दातात अडकलेला केस जिभेला दोरखंडाएवढा लागतो, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी प्रत्येक कवळीची कड स्वच्छ धुऊन जिभेच्या टोकानं तपासली, मगच ती दवाखान्यात गेली. एकही परत आली नाही. बोटीही मी तशाच तपासते, तुला माहीत आहे. तुझ्यासारखी उचलली जीभ लावली टाळ्याला, असं माझं नसतं. माझी जीभ कामाची आहे.

तर खळगा नव्हता, म्हणून पुढे गेले. किटातल्या प्लास्टिकच्या चौकटीतून भाग तोडला की तोडलेलं टोक कानशीनं घासावं लागतं, आणि घासणाऱ्या हाताचा उतार तिथे राहतो. उजव्या हाताचा एकीकडे, डाव्याचा दुसरीकडे. रंगाखालूनही तो लपत नाही. लॅबमध्ये कोणता दात कोणी घासला हे मी नाव न बघता सांगायची. या बोटीच्या डाव्या बाजूला सगळे उतार डावखुरे आहेत. बरोबर आहे, ती तुझी बाजू. उजव्या बाजूलाही सगळे उतार डावखुरे आहेत.

मी म्हातारपणी डावखुरी झाले का रे?

उलट टपाली उत्तर हवं. फोन करू नकोस. फोनवर तू फार गोड बोलतोस.

माझ्या डोळ्यांचं नेहमीप्रमाणे विचारशील, म्हणून सांगते, ठणठणीत आहेत. दिवा जरा मोठा घेतलाय इतकंच. अक्षर वाकडंतिकडं आलं असेल तर तो या जाड पेनाचा दोष.

तुझी (अजून तरी)
ताई

१९ फेब्रुवारी

ढब्या,

"जरा हलका हात फिरवला." हे तुझं उत्तर. दोन आठवडे वाट बघायला लावून हे!

हलका हात कपड्यांच्या इस्त्रीवर फिरवतात. तू माझी बाजू उचलून दुसरी लावली आहेस. आणि वर तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ लिहून खोडलीस. बाई म्हणाल्या, निळ्या शाईवर काळी शाई गिरवली आहे, वाचता येत नाही.

बाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या. माझा चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी तेवढं पत्र वाचून दाखवलं. नंतर सापडला. त्यांना सवय आहे मधेमधे स्वतःचं मत घालायची. तुझं "हलका हात" वाचलं आणि म्हणाल्या, "ताई, टाचणी टोचल्यावर माणूस हात झटकतं, तसं हे झटकून लिहिलंय." मी म्हटलं, पुढे वाचा.

ऐक. तुझं पत्र आल्यावर मी सतराव्या बोटीची काचपेटी उघडली. जहाजं ओढणारी ती टग बोट. पहिलं बक्षीस मिळालेली. क्लबानं काचेत बसवूनच दिली होती, म्हणून मी तिला कधी हात लावला नव्हता. जीभ तर नाहीच. दोन वर्षं मी तिच्यावरची धूळ बाहेरून पुसली, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली, लॅबच्या जुन्या मालकाला मुद्दाम घरी बोलावून दाखवली. काच काढली आणि पहिल्याच टोकाला कळलं. डावखुरी. सगळी. दुपारी मी खुर्चीत बसले ती पाच वाजेपर्यंत उठले नाही.

बक्षिसाच्या वेळी माझं नाव पुकारलं गेलं रे. तुझ्या नावाआधी. "थोरल्या बहिणीचं आधी" म्हणून तूच तसं सांगितलं होतंस. मी तिथे काय बोलले आठवतंय? "वय बोटांना येत नाही" असं काहीतरी बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्या शेजारी उभा होतास. तूही टाळ्या वाजवत होतास. कोणत्या तोंडानं?

आता यातली खरी मेख ऐक. आमच्या पलीकडच्या गल्लीत एक घड्याळजी आहेत. क्लबाचे जुने सभासद, विमानं करायचे. गेल्या वर्षी डोळे दगा देऊ लागले म्हणून सगळी किटं, अवजारं, रंग कोणाला तरी देऊन टाकायला निघाले होते. मी त्यांना घरी बोलावलं. काचेतली टग त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "ही बघा. बक्षीस मिळालंय. माझेही डोळे काही विशीतले नाहीत. काही देऊ नका कोणाला, कामाला लागा." ते लागले. गेलं वर्षभर रोज सकाळी चार तास बसतात. माझ्या शब्दावर. भेटले की म्हणतात, "तुम्ही जमवलंत, मग मलाही जमेल."

त्या माणसाला आता मी काय सांगू? माझ्या भावानं माझं काम कचऱ्यात टाकलं, आणि त्याच्या कामावर हात ठेवून मी तुम्हाला शपथ घातली?

मला दोन गोष्टी हव्यात. किती बोटी, हा आकडा. आणि माझ्या बाजू कुठे गेल्या, हे उत्तर.

विसाव्या बोटीच्या माझ्या भागांचं खोकं इथे टेबलावर आहे. आग विझवणारी बोट. अठरा मेच्या प्रदर्शनात आपल्या वीस बोटी ओळीनं मांडायच्या असं तूच क्लबात जाहीर करून आलायस. मांड बापड्या एकोणीस. उत्तर येईपर्यंत मी हे खोकं उघडणार नाही. आणि दुसरं किट आणून माझी बाजूही तूच केलीस, तर त्या प्रदर्शनात मी स्वतः येऊन सगळ्यांसमोर बोटींना जीभ लावून दाखवीन. मला लाज वाटणार नाही. तुला वाटेल.

ताई

९ मार्च

ढब्या,

तीन. सतरावी, अठरावी, एकोणिसावी.

म्हणजे तीन वर्षं तू दर वेळी दोन किटं आणत होतास. एकाचे निम्मे भाग मला पाठवायचे, मी महिना-दीड महिना त्यावर जीव काढायचा, ते तुझ्याकडे पोचलं की तू दुसऱ्या किटातली उजवी बाजू काढून बसायचास. आणि मला लिहायचास, झकास. तुझ्या बायकोला माहीत होतं, तुझ्या मुलींना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला. सगळं घर मूग गिळून बसलं होतं, आणि इथे मी शेजारणींना तुझी पत्रं वाचून दाखवत होते. म्हणजे, त्या मला वाचून दाखवत होत्या. बरं, आता तेही लिहून टाकलं. चष्मा हरवला नव्हता. तुझी पत्रं गेलं वर्षभर बाईच वाचतात. तुझं अक्षर मुंगीएवढं आहे, त्याला मी काय करू?

तुझा तो युक्तिवाद मात्र मी बाईंकडून तीनदा वाचून घेतला. "ताई, मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा तूही हेच केलं होतंस. माझी पहिली बोट मी शाळेत गेल्यावर तू परत घासलीस, परत रंगवलीस, आणि मी आल्यावर म्हणालीस, बघ कशी छान झाली तुझी बोट."

हो, केलं. तू नऊ वर्षांचा होतास, गाढवा! आई जाऊन चार महिने झाले होते, तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि त्या बोटीचं शीड तू शेपटीला चिकटवलं होतंस. मी एकवीस वर्षांची होते, मला दुसरं काही सुचलं नाही. पण मी तेव्हा तुला फसवलं ते तू पुढे शिकशील म्हणून. आणि शिकलास. तू मला फसवलंस ते मी आता काही शिकणार नाही असं धरून. मूल मोठं होणार असतं रे. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, मी कुठे मोठी होणार आहे? मला जे काय कळायचं ते आत्ताच कळायला हवं होतं.

तू लिहितोस, "तू रडशील म्हणून सांगितलं नाही." मी रडले असते. मग? माझं रडणं कोणी तुला पुसायला सांगितलं होतं? लॅबमध्ये मी नव्या मुलींचं काम त्यांच्यासमोर टोपलीत टाकायची. त्या रडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी बरं काम आणायच्या. आज त्यातल्या दोघींच्या स्वतःच्या लॅब आहेत. त्यांचं काम मी गुपचूप रात्रंदिवस बसून दुरुस्त केलं असतं तर त्या आज कुठे असत्या?

आणि कहर म्हणजे तुझी सूचना. "विसाव्या बोटीला तू फक्त दोर बांध, ताई. बाकी मी बघतो." मी तुझी बाहुली आहे का? तुला काय वाटतं, लग्नात म्हाताऱ्या आत्याबाईंना मानापुरतं रुखवतापाशी बसवतात तशी मला बसवशील आणि मी "अगबाई" म्हणत हसेन?

एक गोष्ट मात्र मला ठाऊक नव्हती. माझ्या बाजू तू टाकल्या नाहीस. बुटांच्या खोक्यात, कापसात ठेवल्यास. "फेकवेनात." बाई म्हणाल्या, "माणूस अगदीच वाया गेलेला नाही." मी म्हटलं, ते मी ठरवीन.

खोकं पाठव. तिन्ही बाजू, जशा असतील तशा. कुठे काही पुसू नकोस, चिकटवू नकोस. एवढं तरी माझ्यावर ठेव.

डॉक्टर काय म्हणाले विचारतोस. डॉक्टर म्हणाले, वयोमानानं.

ताई

३० मार्च

ढब्या,

खोकं आलं. मला वाटलं होतं एका बैठकीत बघून होईल. पाच दिवस लागले.

पहिल्या दिवशी मी ते उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं, हात धुतले, आणि लॅबमध्ये दुसऱ्याचं काम तपासायला घ्यायची तसं घेतलं. टग आधी. कड, सांधा, खिडक्यांच्या चौकटी, धुराड्याचं तोंड. आधी अंगठा, मग जीभ. पुन्हा पहिल्यापासून. मला काही सापडेना. सांधा असा बसलाय की नख अडकत नाही. मला वाटलं, आपलंच कार्टं म्हणून लाडावतेय मी. म्हणून काचपेटीतली टग काढली आणि तिची तू केलेली उजवी बाजू शेजारी ठेवून तपासली. आता हे लिहायला मला आनंद होत नाही (थोडा होतो), पण धुराड्याच्या मागे तुझ्या सांध्याला एक उंचवटा आहे, आणि तिसऱ्या खिडकीची चौकट तिरकी आहे. बक्षीस मिळालेल्या बाजूची, चिरंजीव!

मग तू माझी बाजू का टाकलीस? तिसऱ्या दिवशी बाईंना वर बोलावलं. त्यांनी टग उजेडात धरली आणि जी हसत सुटल्या, की मशीनवर ठेवलेलं गिऱ्हाइकाचं काम विसरल्या. "अहो ताई, ही बोट आहे की पोपट?"

तळ हिरवा आहे. आणि डेक लाल. उलटं हवं होतं.

कसं झालं तेही बाईंनीच शोधलं. माझ्या रंगांच्या बाटल्यांना मी रबरं चढवते. काळ्याला एक, हिरव्याला दोन, लालला तीन. उन्हाळ्यात रबरं कुजतात. कधीतरी कपाटात एक रबर सुटून पडलेलं हाताला लागलं. कोणत्या बाटलीचं ते कळेना, म्हणून मी अंदाजानं एकीला चढवलं. हिरवीला. सुटलं होतं लालचं. त्या दिवसापासून हिरवी लाल झाली आणि लाल हिरवी. अठराव्या, गाळ काढणाऱ्या बोटीचं तेच. शिवाय तिच्यावरची रंगाची रेघ नागमोडी गेलीय म्हणे. खाली मात्र घासकाम स्वच्छ आहे. ते मी सांगते म्हणून नव्हे.

चौथ्या दिवशी मी घड्याळजींना बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ज्या बोटीवर मला बसवलंत, ती तुमची नव्हती?" मी म्हटलं, "नव्हती." ते उठले, जिना उतरून निघून गेले. चपला सरळ घालायलाही थांबले नाहीत. त्या दुपारी मला तुझा जितका राग आला तितका जन्मात कोणाचा आला नव्हता. नवऱ्याचासुद्धा.

काल ते स्वतः परत आले. म्हणाले, "ती दाखवा. तुमची खरी." मी तिन्ही बाजू पुढे केल्या. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवत बसले. टगवर बराच वेळ गेला. मग म्हणाले, "हे मी केलं असतं तर मिशीला पीळ दिला असता." गाळाच्या बोटीला म्हणाले, "हेही चांगलं." मग मासेमारीची घेतली. नाकाजवळ थांबले. "हे वाईट आहे. ठशाचं सोडा, सगळी बाजूच वाकलीय. कुठे लक्ष होतं तुमचं?"

मी म्हटलं, डिसेंबरात ताप होता, घाई केली. ते म्हणाले, "मग पाठवायची कशाला?" ढब्या, तीन वर्षांत माझ्या कामाला वाईट म्हणणारं हे पहिलं माणूस. मी त्यांना दोनदा चहा पाजला.

तेव्हा आता हिशेब ऐक. तीनपैकी एक बाजू वाईट, ती टाकायलाच हवी होती. दोन चांगल्या होत्या. नुसता रंग खरवडून पुन्हा दिला असतास तर आपली बोट आपली राहिली असती, आणि बक्षीसही मिळालं असतं. तुझ्या उंचवट्यासकट. पण तू हिरवा तळ बघितलास आणि ठरवलंस, संपली म्हातारी. एकदाही अंगठा फिरवला नाहीस. मी शिकवलं होतं तुला! डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, बोटानं विचार, हे मी तुला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो रे?

एवढी रागावलेय की पेन कागदातून आरपार जातंय. बाई म्हणतात, मागच्या कागदावर ओळीवर ओळ चढलीय, त्यांना धड वाचता येत नाही, तुला काय येणार. येईल. तू तीन वर्षं माझं अक्षर बघतोयस. तेही वाकडं झालेलं तुला दिसलंच असेल. त्यावरही तू काही बोलला नाहीस.

ताई

१६ एप्रिल

ढब्या,

हे अक्षर बाईंचं आहे. मी बोलतेय, त्या लिहितायत. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही असं मी त्यांना बजावलंय, आणि त्या म्हणाल्या, "माप घेतल्यासारखं लिहीन."

तुझं पत्र ऐकलं. तू लिहितोस, "मी चुकलो ताई, पण तूही एकदा तरी सांगायचंस, की रंग दिसत नाहीत." ही ओळ ऐकून मी बाईंना खाली पाठवून दिलं आणि आठवडाभर तुला शिव्या दिल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हटलं. भिंतीला म्हटलं, दिव्याला म्हटलं. मग शिव्या संपल्या आणि ओळ तिथेच राहिली.

तर सांगते. डॉक्टर वयोमानानं म्हणाले नव्हते. चार वर्षांपूर्वी त्यांनी मला समोर बसवून सगळं सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग आहे, तो वाढणार, चष्म्यानं काही होणार नाही. ज्याच्याकडे बघावं तेच जातं आणि आजूबाजूचं राहतं. तुझ्या लग्नाच्या फोटोत मला चौकट दिसते, भिंत दिसते, भिंतीवरचा खिळासुद्धा दिसतो. तू दिसत नाहीस. मी ते कागद ट्रंकेच्या तळाशी घातले आणि तुला लिहिलं, ठणठणीत. कारण मला ठाऊक होतं, सांगितलं की तू "फक्त दोर बांध" म्हणशील. आणि तू म्हणालासच. म्हणजे मी बरोबर होते. आणि लपवलं म्हणून पोपट झाला, तेव्हा चूकही माझीच होती. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला दोन्हींचा राग येतो.

आता कामाचं. या पत्राबरोबर दोन खोकी आहेत.

लहानात बक्षिसाचा कप आहे. तो क्लबाला परत द्यायचा. कोणाच्या तरी टेबलावर ठेवून पळून यायचं नाही. अठरा मेला सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, की टगची उजवी बाजू ताईची नव्हती. लोक काय म्हणतील, असं तू मागच्या पत्रात दोनदा विचारलंयस. मला काय म्हणाले ते मी ऐकलं, घड्याळजींकडून, माझ्याच घरात. मी जिवंत आहे. तूही राहशील.

मोठ्यात आग विझवणाऱ्या बोटीची उजवी बाजू आहे. विसावी. सत्तावीस दिवसांत झाली. ताप नव्हता, घाई केली नाही, घड्याळजींना एकदाही दाखवली नाही. घासलीय, सांधलीय. रंग दिलेला नाही, प्लास्टिक आहे तसंच करडं आहे. रंग दोन्ही बाजूंना तू द्यायचास. यापुढे दर वर्षी तूच द्यायचास. आणि घासून झालेली तुझी बाजू रंगाआधी माझ्याकडे तपासायला यायची, कारण तो धुराड्यामागचा उंचवटा मला झोपू देत नाही.

माझी बाजू अंगठ्यानं तपास, चांगली असेल तर लाव. वाईट असेल तर लावू नकोस. विसाव्या बोटीशिवाय प्रदर्शन झालं तरी चालेल, एकोणिसांवर भागव. पण मला लिही. कुठे वाईट, किती वाईट, कोणत्या खिडकीपाशी. मी चिडेन. तुला नाही नाही ते बोलेन, दोन महिने पत्र टाकणार नाही, तुझ्या बायकोजवळ तुझ्या चहाड्या करीन. करू दे मला. त्याला घाबरून खोटं लिहू नकोस. आजवर तू खोटं बोललास तर मी काच उघडून तपासू शकत होते. डॉक्टर म्हणतात, पुढे बोटांनाही मुंग्या येतील, साखर वाढलीय. मग माझ्याजवळ तपासायला तुझ्या शब्दाखेरीज काय उरणार आहे? तो तरी मला धड दे.

मला दिसत नाही, ढब्या.

तुझी
ताई

ता. क. — मी शिलाईवाली लिहीत आहे. शेवटच्या ओळीनंतर ताईंनी "मी रडत नाहीये, असं लिहा" म्हणून सांगितलं होतं. ते मी लिहिलं नाही.